टीव्हीने गिळलेलं घड्याळ

2020 च्या लॉकडाउनमध्ये माझ्या लॅपटॉपची स्क्रीन गेली. दुकानं बंद, आणि दोन दिवसांवर ऑनलाइन परीक्षा. मग एचडीएमआय केबलने हॉलमधला एलसीडी टीव्ही जोडला. चित्र आलं, पण खालची टास्कबार गायब, कोपऱ्यातलं घड्याळही गायब. आता परीक्षेत वेळ बघायची कुठे? मला वाटलं, केबलच खराब.

पण केबल बिचारी ठीक होती. खरी भानगड जुन्या डब्बा टीव्हीपासूनची. त्या काचेच्या ट्यूबमध्ये चित्राच्या कडा सरळ राहायच्या नाहीत, विजेचा दाब कमी-जास्त झाला की चित्रही लहान-मोठं व्हायचं. म्हणून ते मुद्दाम थोडं मोठं करून कडा चौकटीआड लपवायचे. हाच ओव्हरस्कॅन. सिनेमा बघताना काही बिघडत नाही; कम्प्युटर जोडला की बिघडतं. 1982 चा झेडएक्स स्पेक्ट्रम घ्या, तो घरच्या टीव्हीलाच जोडायचा. 256 बाय 192 ठिपक्यांचं चित्र मधोमध, भोवती रिकामा रंगीत पट्टा. कापला गेलाच तर पट्टा जाणार, अक्षरं नाहीत. हुशार लोक!

पुढे टीव्ही सपाट झाले. आता प्रत्येक ठिपका जागच्या जागी. तरी कित्येक टीव्ही एचडीएमआयचं चित्रसुद्धा ताणून कडा कापतच राहिले. सवय, दुसरं काय!

उपाय रिमोटमध्येच होता. पिक्चर साइझमध्ये जाऊन ‘जस्ट स्कॅन’. काही टीव्हींवर त्यालाच ‘स्क्रीन फिट’ म्हणतात. बटण दाबलं, आणि कोपऱ्यात घड्याळ हजर: रात्रीचे पावणेदोन.