जलोदर (आयुर्वेद)

जलोदर : पोटाच्या पोकळीत पाणी साचण्याचा विकार. आयुर्वेदातील आठ उदररोगांपैकी एक. दुसरे नाव दकोदर. मंदाग्नीमुळे स्वेदवह व उदकवह स्रोतसे रोधली जाऊन द्रव उदरात साठतो, असे चरकाचे (चिकित्सास्थान, अध्याय १३) निदान आहे. पोट पखालीसारखे ताणते, हलवल्यास डुचमळते. नाभी सपाट होते, तहान व धाप वाढते.

उपचारात नित्य विरेचन, पाणी व मीठ वर्ज्य, दुग्धाहार मुख्य. पुनर्नवा (घेटुळी), गोमूत्र, आरोग्यवर्धिनी ही औषधे प्रचलित आहेत. सुश्रुताने शस्त्रकर्मही सांगितले आहे : नाभीखाली डावीकडे, मध्यरेषेपासून चार अंगुळे अंतरावर व्रीहिमुख शस्त्राने छिद्र पाडून नळी बसवावी, सगळे पाणी एका दिवशी न काढता काही दिवसांच्या अंतराने थोडे थोडे काढावे आणि पोट घट्ट बांधावे. त्यानंतर वर्षभर पथ्य असून पहिले सहा महिने प्रामुख्याने दुधावर राहायचे असते.

आधुनिक वैद्यकानुसार यकृतकाठिण्य, क्षय, कर्करोग, हृदय वा मूत्रपिंडाचे विकार ही जलोदराची कारणे होत. म्हणून घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णालयात तपासणी करून घेणे आवश्यक आहे.