मोहोरबंद विशेषांक

इ. स. १९९२ च्या नोव्हेंबर महिन्यातील १८ तारखेस, बुधवारी, अमेरिकेच्या अनेक शहरांत चित्रकथांच्या दुकानांपुढे रांगा लागल्या होत्या. ‘सुपरमॅन’ मासिकाचा ७५ वा अंक त्या दिवशी विक्रीस यावयाचा होता, आणि त्यात सुपरमॅनचा मृत्यू होणार हे वृत्तपत्रांनी व दूरचित्रवाणीने आधीच सर्वतोमुखी करून सोडले होते. अंकाच्या दोन आवृत्त्या निघाल्या. एक साधी, सव्वा डॉलरची. दुसरी खास संग्राहकांसाठी, अडीच डॉलरची. ही दुसरी काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत मोहोरबंद केलेली होती व पिशवीवर त्या वीराचे परिचित बोधचिन्ह रक्त ठिबकत असलेले छापले होते. आत अंकासोबत दंडावर बांधावयाची काळी शोकफीत, भित्तिचित्र, वृत्तपत्रातील मृत्युलेख, तिकिटे असा सारा सरंजाम होता. पिशवी फोडल्याखेरीज अंक वाचता येत नसे. आणि फोडली की तिचे मोल उतरे. म्हणून पुष्कळांनी एक प्रत वाचावयास व एक ठेवावयास घेतली. कित्येकांनी तर केवळ ठेवावयासच अनेक घेतल्या.

ग्रंथसंग्रहाचा नाद आम्हां शिक्षकमंडळींस अपरिचित नाही. जुनी पोथी, दुर्मिळ आवृत्ती, एखाद्या बंद पडलेल्या मासिकाचा पहिला अंक ह्यांसाठी पदरमोड करणारे स्नेही प्रत्येकाच्या परिचयात असतात. परंतु न वाचण्याच्या अटीवर अंक विकत घेणे, आणि प्रकाशकाने स्वतःच तशी अट पिशवीत बांधून देणे, हा प्रकार निराळा आहे. तो कसा उद्भवला हे पाहण्यासाठी थोडे मागे जाणे भाग आहे.

१९३८ साली, जून महिन्याची तारीख छापलेल्या ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात सुपरमॅन प्रथम अवतरला. त्या अंकाची किंमत दहा सेंट. जेरी सीगल व जो शुस्टर ह्या क्लीव्हलंडच्या दोन तरुणांनी हे पात्र कल्पिले आणि त्यावरील आपले सारे हक्क १३० डॉलरांस विकून टाकले. अंक छापला गेला तो पोरांसाठी. कागद हलका, शाई उडणारी, रंग भडक. पोरांनी तो वाचला, चुरगाळला, एकमेकांस दिला, पावसात भिजविला. आयांनी घर झाडताना फेकला. पुढे दुसऱ्या महायुद्धात रद्दी गोळा करण्याच्या मोहिमा निघाल्या, तेव्हा राहिले-साहिले अंक लगद्याच्या कारखान्यात गेले.

ह्यानंतरचा भाग आम्हांस थोडा संकोचानेच सांगावा लागत आहे. युद्ध संपल्यावर चित्रकथांनी मुले बिघडतात अशी हाकाटी झाली, आणि तीत आमचे व्यवसायबंधू आघाडीवर होते. १९४८ च्या डिसेंबरात न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन येथे शाळकरी मुलांनी घरोघर हिंडून चित्रकथा जमविल्या व त्यांची जाहीर होळी केली. अशा होळ्या इतरत्रही झाल्या. १९५४ मध्ये फ्रेड्रिक वर्थम ह्या मनोविकारतज्ज्ञाचा चित्रकथांवर आरोपपत्र ठेवणारा ग्रंथ प्रसिद्ध झाला, त्याच वर्षी सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावणी झाली आणि धास्तावलेल्या प्रकाशकांनी आपणहून एक आचारसंहिता स्वीकारली. वर्थम ह्यांस वा त्या शिक्षकांस स्वप्नातही आले नसेल, परंतु पुढील पिढीत ह्या अंकांना जे मोल चढले त्यात ह्या होळ्यांचाही थोडा वाटा होता. ‘ॲक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक सुमारे दोन लाख प्रती छापला गेला होता, त्यांपैकी शंभराच्या आसपास उरल्या असे जाणकार मानतात.

पुढे वाचक मोठे झाले. ज्यांचे अंक आईने फेकले होते ते मिळवते झाले व तेच अंक शोधीत हिंडू लागले. १९६० नंतरच्या दशकात संग्राहकांचे मेळावे भरू लागले आणि १९७० साली रॉबर्ट ओव्हरस्ट्रीट ह्यांनी जुन्या अंकांच्या किमतींची मार्गदर्शिका काढली. जोवर किंमत दोघांच्या घासाघिशीत ठरत होती तोवर हा छंद होता. ती छापील कोष्टकात आली आणि दरवर्षी वाढलेली दिसू लागली, तेव्हा त्याचा व्यापार झाला.

दुसरा बदल विक्रीच्या पद्धतीत झाला, आणि आमच्या मते सगळ्या प्रकरणाची किल्ली तेथेच आहे. वृत्तपत्रांच्या ठेल्यावर न खपलेला अंक प्रकाशकाकडे परत जाई, नुकसान प्रकाशकाचे. १९७३ च्या सुमारास फिल सूलिंग ह्या मूळच्या इंग्रजीच्या शिक्षकाने (येथेही आमचाच व्यवसायबंधू!) प्रकाशकांशी निराळा करार केला: दुकानदारास सूट अधिक, पण उरलेला अंक परत घ्यावयाचा नाही. चित्रकथांची स्वतंत्र दुकाने ह्या पद्धतीवर उभी राहिली व प्रारंभी तिने सर्वांचेच भले केले. मात्र तिचा एक परिणाम लवकर कोणाच्या ध्यानी आला नाही. आता अंक ‘खपला’ असे ठरे ते दुकानदाराने मागणी नोंदविताच. तो पुढे कोणी वाचला की दुकानाच्या मागील खोलीत पडला, ह्याच्याशी प्रकाशकाच्या हिशेबाचा संबंध उरला नाही.

मग विशेषांकांचा हंगाम सुरू झाला. १९९० मध्ये मार्व्हल कंपनीने ‘स्पायडरमॅन’चा नवा पहिला अंक अनेक आवरणांत काढला, त्याच्या वीस लाखांहून अधिक प्रती गेल्या. १९९१ मध्ये ‘एक्स-फोर्स’चा पहिला अंक पिशवीत घालून त्यात पाच निरनिराळ्या चित्रपत्त्यांपैकी एकच ठेवली, म्हणजे पाचही हव्या असणाऱ्याने अंक पाच वेळा घ्यावा. त्याच वर्षीचा ‘एक्स-मेन’चा पहिला अंक पाच आवरणांत निघाला आणि त्याच्या ८१ लाख प्रती दुकानांत गेल्या. एवढे वाचक त्या देशात चित्रकथांना नव्हतेच. एकच ग्राहक तोच मजकूर पाच वेळा नेत होता, आणि दुकानदार उद्याच्या ग्राहकासाठी पेट्या भरून ठेवीत होता.

सुपरमॅनच्या मृत्यूचा अंक ह्या हंगामाचा कळस. त्याचा उगम मात्र व्यापारी कपटात नव्हता, हे न्यायाने सांगितले पाहिजे. लेखकमंडळीस १९९२ साली सुपरमॅन व लोइस लेन ह्यांचा विवाह करावयाचा होता. परंतु त्याच जोडीवर दूरचित्रवाणीची मालिका यावयाची असल्याने तो पुढे ढकलण्याचा आदेश आला. वर्षभराचे कथानक मोडले. तेव्हा बैठकीत नेहमी थट्टेने निघणारी ‘त्याला मारूनच टाकू या’ ही सूचना ह्या वेळी खरी मानली गेली. डॅन जर्गन्स ह्यांनी लिहिलेला व रेखाटलेला तो अंक पाहिला तर त्यात कसब आहे: पानागणिक एकेकच मोठे चित्र, आणि लढत संपेतो दम घेण्यास जागा नाही. ज्यांनी पिशवी फोडली नाही त्यांना हे कसे कळावे?

साऱ्या आवृत्त्या मिळून त्या अंकाच्या साठ लाखांच्या घरात प्रती गेल्या. काही दिवस भाव मूळ किमतीच्या अनेक पट चढला व वृत्तपत्रांनी तोही छापला. मुलांच्या उच्च शिक्षणाचा खर्च ह्या पिशव्यांतून निघेल असे मानणारे पालक तेव्हा होते. इकडे १९९३ मध्येच सुपरमॅन परतला. त्या अंकाची पिशवी पांढरी होती. दुकानदारांनी मागील अनुभवावरून ह्याही अंकाची भरमसाट मागणी नोंदविली होती, आणि ह्या वेळी रांगा लागल्या नाहीत. त्याच वर्षी व्हॅलियंट कंपनीच्या ‘टुरोक’ मालेचा चकाकत्या आवरणाचा पहिला अंक १७ लाख छापला गेला व दुकानांत ढिगांनी पडून राहिला. परत घेणारे कोणी नव्हते. पुढील दोनतीन वर्षांत हजारो दुकाने बंद झाली. मार्व्हल कंपनीने १९९४ च्या अखेरीस स्वतःचीच वितरणसंस्था विकत घेऊन घडी आणखी विस्कटली आणि कर्ज व चित्रपत्त्यांचा बसलेला धंदा ह्यांच्या ओझ्याखाली १९९६ च्या डिसेंबरात दिवाळखोरीचा अर्ज केला.

जुना अंक दुर्मिळ झाला तो कोणी जपला नाही म्हणून. नवा दुर्मिळ होईना, कारण तो प्रत्येकाने जपला. दोन लाखांतील शंभर उरणे आणि साठ लाखांतील बहुतेक उरणे ह्यांतील फरक शाळेतील अंकगणितानेही समजतो. तरी शिकलेसवरलेले लोक त्यात फसले, ह्याचे आम्हांस फारसे नवल वाटत नाही. आपल्याकडे १९०९ साली का. र. मित्र ह्यांच्या ‘मनोरंजना’ने दिवाळी अंकाची प्रथा घातली, तेव्हापासून जाडी, आवरण व नावांची यादी पाहून अंक उचलण्याचा मोह आम्हांसही आवरलेला नाही. फरक एवढाच की दिवाळी अंक वाचनालयातून दहा घरी फिरतो आणि संक्रांतीपर्यंत त्याची शिवण सुटते.

टाइम्स ऑफ इंडियाच्या ‘इंद्रजाल’ मालेतील वेताळ व मँड्रेक ह्यांच्या कथा आमच्या बाळपणी मराठीतून मिळत. ती माला १९६४ मध्ये सुरू होऊन १९९० मध्ये थांबली. काही वर्षांपूर्वी घरातील जुन्या ट्रंकेत तिचा एक अंक सापडला. परदेशी असलेल्या एका माजी विद्यार्थ्यास तो कौतुकाने दाखविला, तेव्हा त्याने पहिला प्रश्न केला, “सर, कव्हर आहे का? असेल तर चांगले पैसे येतील.” कव्हर नव्हते. ते आम्हीच चौथीत असताना भूगोलाच्या वहीस घातले होते.

२००० सालापासून अमेरिकेत अंक तपासून, त्यास गुण देऊन, कठीण पारदर्शक पेटीत कायमचा बंद करून देणारी संस्था निघाली आहे. आता तर पिशवी फोडण्याचाही प्रश्न उरला नाही. १९३८ च्या त्या पहिल्या अंकाची एक प्रत २०१४ साली ३२ लाख डॉलरांवर गेली, दुसरी २०२४ मध्ये ६० लाखांस. सीगल व शुस्टर ह्यांस कंपनीने सालिना वीस हजार डॉलरांचे निवृत्तिवेतन व अंकावर पुन्हा नाव दिले ते १९७५ मध्ये, तेही वृत्तपत्रांत गवगवा झाल्यावर. ज्या धनादेशाने त्यांस ते १३० डॉलर मिळाले तो धनादेशदेखील कोणीतरी जपला होता. २०१२ च्या लिलावात त्यास १,६०,००० डॉलर आले. आणि काळ्या पिशव्यांतील ते अंक जुन्या मालाच्या दुकानांत आजही किरकोळ भावाने मिळतात, पुष्कळदा न फोडलेले, आतील शोकफीत घडी न मोडता तशीच.