राखीपौर्णिमेचं चंद्रग्रहण लंडनला मावळतीला दिसणार, मग आपल्याकडं का नाही?

येत्या २८ ऑगस्ट २०२६ ला, शुक्रवारी, राखीपौर्णिमेच्या दिवशी खंडग्रास चंद्रग्रहण आहे. ग्रहण म्हटलं की मोबाईलवर मेसेज सुरू होतात. राखी कधी बांधायची, गरोदर बाईनं काय खायचं, वेध कधीपासून. म्हणून आधीच सांगतो, हे ग्रहण महाराष्ट्रात दिसणार नाही.

आपल्याकडं का दिसत नाही?

ग्रहण सुरू होईल आपल्या घड्याळाप्रमाणे सकाळी ८ वाजून ३ मिनिटांनी. ऐन भरात येईल ९ वाजून ४३ मिनिटांनी आणि सुटेल ११ वाजून २२ मिनिटांनी. आपल्याकडं चंद्र त्याआधीच, सूर्य उगवायच्या सुमारास मावळलेला असतो. चंद्रच आभाळात नाही तर ग्रहण कुठून दिसणार? जिथं ग्रहण दिसत नाही तिथं वेध पाळायचे नाहीत, असंच आपली पंचांगंही सांगतात. तेव्हा राखी निवांत बांधा, आणि घरातल्या गरोदर बाईला उपाशी ठेवू नका.

लंडनला काय दिसेल?

आपल्या भागातली बरीच पोरं शिक्षण-नोकरीसाठी इंग्लंड, जर्मनीत आहेत. त्यांच्यासाठी पुढची माहिती. लंडनला तेव्हा पहाट असेल. तिथल्या घड्याळाप्रमाणे ३ वाजून ३३ मिनिटांनी चंद्राला सावली लागेल. ५ वाजून १३ मिनिटांनी चंद्राच्या व्यासाचा सुमारे ९३ टक्के भाग सावलीत असेल. पण तोवर चंद्र पश्चिमेला पार खाली गेलेला असेल. हात लांब करून मूठ धरली तर ती मूठ आभाळात साधारण १० अंश झाकते. भर ग्रहणातला चंद्र क्षितिजापासून एक मूठसुद्धा वर नसेल. सहा वाजून गेल्यावर तो ग्रहण लागलेलाच मावळेल. ग्रहण सुटताना तिथं कुणालाच दिसणार नाही.

बर्लिनला तर ग्रहण भरात येईपर्यंत चंद्र क्षितिजाला टेकलेला असेल. उलट न्यूयॉर्कला तेव्हा मध्यरात्र असेल. तिथं चंद्र चांगला वर असेल, म्हणजे पूर्ण ग्रहण बघता येईल.

उत्तरेकडं चंद्र खाली का राहतो?

पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या बरोबर समोर असतो. उन्हाळा-पावसाळ्यात सूर्य डोक्यावरून जातो, तेव्हा पौर्णिमेचा चंद्र दक्षिणेकडून, खालून जातो. पौषात उलट. पौषी पौर्णिमेला रात्री पाणी द्यायला गेलेल्या माणसाला विचारा, चंद्र थेट डोक्यावर असतो.

जितकं उत्तरेला जावं, तितका हा खालून जाणारा चंद्र आणखी खाली दिसतो. २७ जुलै २०१८ च्या रात्री आषाढी पौर्णिमेचं खग्रास ग्रहण झालं. खग्रास अवस्था १०३ मिनिटांची, म्हणजे या शतकातली सर्वात मोठी. त्या रात्री मुंबईत चंद्र आभाळात ५० अंशांच्या वर चढला होता. लंडनला तो उगवलाच खग्रास अवस्थेत आणि खग्रास संपताना जेमतेम एक मूठ वर आला होता.

खालचं ग्रहण बघायचं कसं?

१) जागा आधी हेरा. पश्चिमेला, किंचित दक्षिणेकडं मोकळं क्षितिज पाहिजे. टेकडी, नदीकाठ, उंच इमारतीची गच्ची चालेल. समोर एक घर आलं तरी ग्रहण गेलं.

२) आदल्या पहाटे जाऊन बघा. त्या दिवशी चंद्र सुमारे तासभर आधी आणि थोडा जास्त दक्षिणेला मावळतो, एवढा फरक धरा.

३) उशीर करू नका. खाली आलेल्या चंद्राचा उजेड जाड हवेच्या थरातून येतो, म्हणून तो मंद होतो. त्यात पहाट फुटायला लागते. सावलीतला तांबूस भाग उजळत्या आभाळात विरून जातो. साडेचार ते सव्वापाच ही वेळ चांगली.

४) लाल दिसला म्हणजे ग्रहण असं नाही. क्षितिजाजवळचा चंद्र एरवीही तांबडा दिसतो. ग्रहणाची खूण म्हणजे कडेनं खात गेलेली गोल सावली. ती आपल्या पृथ्वीची सावली.

५) चंद्रग्रहण नुसत्या डोळ्यांनी बघितलं तर काही होत नाही. चष्मा, काच काही लागत नाही. दुर्बीण असली तर उत्तम. मोबाईलनं फोटो काढायचा तर फोन कशाला तरी टेकवा, हात हलतो.

लंडनला सव्वापाच वाजतील तेव्हा आपल्याकडं पावणेदहा झालेले असतील. घरी राखीची गडबड चालू असेल. तिकडच्या पोराला आधीच सांगून ठेवा, पहाटे उठून त्यानं व्हिडिओ कॉल लावला तर इकडं भर उन्हात बसून आपल्यालाही ते ग्रहण बघता येईल.