फिचबर्गचे उमेदवार विद्यार्थी



‘उमेदवारी’ हा शब्द आपल्याकडे जुना आहे. सोनाराच्या भट्टीपाशी किंवा एखाद्या छापखान्यात पोराला बसविले, की ते काही वर्षे उमेदवारी करी आणि हात बसला म्हणजे कारागीर होई. मात्र शाळा आणि उमेदवारी ही दोन निराळी दारे होती. एकातून आत गेले, की दुसरे बहुधा मिटलेच. ही दोन्ही दारे एकाच मुलासाठी उघडी ठेवण्याचा एक प्रयोग अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, फिचबर्ग या गावी, १९०८ साली सुरू झाला. त्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

फिचबर्ग हे बोस्टनच्या वायव्येस नॅशुआ नदीकाठी वसलेले कारखान्यांचे गाव. कागद, करवती, नाना प्रकारची यंत्रे तेथे बनत. यंत्रे वाढली तसे काम तुकड्यातुकड्यांत वाटले गेले, आणि मुलाला सगळा धंदा शिकविणारा जुना उस्ताद नाहीसा झाला. राज्याचे गव्हर्नर डग्लस यांनी नेमलेल्या आयोगाने १९०६ साली अहवाल दिला. चौदा ते सोळा वर्षांची सुमारे २५,००० मुले त्या राज्यात शाळेबाहेर होती आणि ज्यातून पुढे काहीच निष्पन्न होणार नाही अशा किरकोळ कामांत दिवस काढीत होती. दारिद्र्यामुळे, असे आपण चटकन म्हणू. पण चौकशीत वेगळेच आढळले. बहुसंख्य घरांना मुलाच्या पगारावाचून चालले असते. शाळेत जे शिकवितात त्याचा उपयोग काय, हेच त्या मुलांना व त्यांच्या आईबापांना उमगत नव्हते.

इकडे सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर या प्राध्यापकाने १९०६ साली २७ विद्यार्थ्यांना घेऊन अभियांत्रिकीच्या शिक्षणाला कारखान्यातील कामाची जोड दिली होती. त्याचे विचार फिचबर्गच्या कारखानदारांच्या कानी गेले. विद्यापीठात जे साधते ते हायस्कुलात का साधू नये, असे त्यांनी मनावर घेतले. योजना मुलग्यांपुरतीच होती, हेही येथे सांगितले पाहिजे.

अभ्यासक्रम चार वर्षांचा. पहिले वर्ष सगळे शाळेत. ते संपले, की मुलाला दोन महिने कारखान्यात पारखून पाहावयाचे. काम त्याला आवडले आणि हाताला जमले, तरच करार व्हावयाचा. पुढील तीन वर्षे मात्र एक आठवडा शाळा आणि एक आठवडा कारखाना. मुलांच्या जोड्या लावलेल्या असत. जोडीतला एक वर्गात, तर दुसरा यंत्रापाशी. त्यामुळे कारखान्यातली जागा कधी रिकामी पडत नसे. त्यातही एक बारीकशी पण मोठी शहाणपणाची व्यवस्था होती. शनिवारी सकाळी अकरा वाजता शाळेतला मुलगा कारखान्यात जाई आणि आपला जोडीदार कोणत्या कामावर आहे, ते कुठवर आले आहे, हे त्याच्याकडून समजून घेई. सोमवारी तोच धागा तो पुढे चालवी.

मजुरी ठरलेली होती : पहिल्या वर्षी तासाला १० सेंट, दुसऱ्या वर्षी ११, तिसऱ्या वर्षी साडेबारा. पंचावन्न तासांच्या आठवड्याचे पहिल्या वर्षी साडेपाच डॉलर होत. उमेदवाराला पहिल्या दिवसापासून पैसा मिळावा, ही गोष्ट आपल्याकडील जुन्या उस्तादांना खचितच रुचली नसती.

मनात येते, की हा मुलगा नक्की कोण? विद्यार्थी, की स्वस्तातला मजूर? नफ्यासाठी चालणारा कारखाना त्याला एकाच यंत्राला जुंपून ठेवणार नाही कशावरून? बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन काढले, तेव्हा ही शंका उद्भवली नाही, कारण तेथे कार्यशाळा संस्थेचीच होती. फिचबर्गमध्ये कार्यशाळा दुसऱ्याच्या मालकीची. म्हणून लेखी करारातच मालकाला बांधून घेतले होते : लेथ, प्लेनर, ड्रिल, बाकावरचे व जमिनीवरचे जोडकाम अशी धंद्याची निरनिराळी अंगे मुलाच्या कुवतीप्रमाणे त्याला शिकविलीच पाहिजेत. आणि शाळेच्या आठवड्यात इंग्रजी, कारखान्याच्या उपयोगाचे गणित, आरेखन, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व नागरिकशास्त्र हे विषय असत.

पण कराराने सारे प्रश्न मिटत नाहीत. १९१५ साली ‘न्यू रिपब्लिक’ या साप्ताहिकात जॉन ड्यूई आणि मॅसॅच्युसेट्सचे शिक्षण आयुक्त डेव्हिड स्नेडन यांचा वाद झडला. उद्योगाला हवे तसे कामगार घडविण्यासाठी निराळ्या शाळा असाव्यात, हा स्नेडन यांचा कल. ड्यूई यांचा आक्षेप असा, की शिक्षणाने मुलाला आहे त्या उद्योगव्यवस्थेत नुसते बसवून देऊ नये. ती व्यवस्था पारखण्याची आणि बदलण्याची बुद्धीही द्यावी. मला स्वतःला ड्यूई यांचे म्हणणे अधिक पटते. पुढे १९१७ साली स्मिथ-ह्यूज कायदा झाला आणि व्यवसायशिक्षणाला केंद्र सरकारचा पैसा मिळू लागला. पण त्याबरोबर निराळ्या शाळांकडे असलेला ओढाही वाढला.

फिचबर्गने निराळी शाळा काढली नव्हती. हाताला तेलाचा वास असलेला तो मुलगा आपल्या पाळीच्या आठवड्यात गावाच्या हायस्कुलातच येई, आणि वकील किंवा डॉक्टर होऊ पाहणारी मुलेही त्याच हायस्कुलात शिकत.