हेर, हशा आणि हातातला फोन

१/ मोबाईलच्या पडद्यावर व्यंगचित्रातला एक हेर उभा आहे. समोर कुलूपबंद दार. खिशात दोरी, चमचा आणि अर्धे खाल्लेले सँडविच. तुम्ही सँडविच कुलपाला लावता. हेर उत्तरतो : ‘कुलपाला भूक नाही. मला आहे.’ तुम्ही हसता आणि दुसरे काही करून पाहता. या हशाला जवळजवळ अर्ध्या शतकाचा इतिहास आहे. सक्करदऱ्यात बसून त्याचा माग काढला, तर वाट अमेरिका-जपानहून फिरून नागपूरकर भोसल्यांपाशी येते.

२/ आरंभी चित्रे नव्हती. १९७६ च्या सुमारास विल क्राउथर याने ‘अ‍ॅडव्हेंचर’ हा निव्वळ शब्दांचा खेळ रचला. गुहेचे वर्णन वाचायचे आणि पुढची कृती टंकित करायची. त्याच्याच नावावरून या खेळप्रकाराला ‘अ‍ॅडव्हेंचर’ हे नाव पडले. १९८० मध्ये रॉबर्टा आणि केन विल्यम्स या दांपत्याने त्याला चित्रांची जोड दिली : ‘मिस्टरी हाउस’. एक घर, एकामागून एक होणारे खून आणि साध्या रेषांची चित्रे. प्रेरणा अर्थातच अगाथा ख्रिस्तीची. म्हणजे चित्रमय साहसखेळ जन्माला आला तोच रहस्यकथेच्या पोटी.

३/ १९८३ मध्ये जपानमध्ये युजी होरी याने कोबे शहरातल्या खुनाच्या तपासावर ‘पोर्टोपिया’ हा खेळ केला. साक्षीदारांना प्रश्न विचारणे, जागा तपासणे, संशयिताचा माग घेणे हाच खेळ. १९८५ च्या आवृत्तीत आज्ञा टंकित करण्याऐवजी तयार यादीतून निवडता येऊ लागल्या. खेळाडूची भाषा आखडली. पण खेळ सोपा झाला.

४/ मात्र त्या काळच्या बहुतेक साहसखेळांचा स्वभाव कठोर होता. एक पाऊल चुकले की मृत्यू. आरंभी एखादी वस्तू उचलायची राहिली, तर कित्येक तासांनंतर कळे की आता पुढे वाटच नाही. अशा जगात खेळाडू जिज्ञासू राहत नाही, भित्रा होतो.

५/ हे बदलण्याचा चंग रॉन गिल्बर्ट याने बांधला. १९८७ मध्ये त्याने आणि गॅरी विनिक याने ‘मेनिअ‍ॅक मॅन्शन’ केला. त्यात पडद्याच्या तळाशी क्रियापदांची यादी होती : उघड, ढकल, दे, वापर. १९८९ मध्ये त्याने साहसखेळांच्या दोषांवर एक निबंधच लिहिला. खेळाडूला विनाकारण मारू नये, हा त्याचा आग्रह होता. १९९० च्या ‘मंकी आयलंड’मध्ये तो प्रत्यक्षात उतरला. त्यातला नायक आपण दहा मिनिटे श्वास रोखू शकतो अशी फुशारकी मारतो. त्याला पाण्याखाली त्याहून अधिक वेळ ठेवले, तरच तो मरतो. मृत्यूही विनोदापुरता उरला.

६/ येथे विनोद ही शोभेची वस्तू नाही. गणित करून पाहा. समजा, ९ क्रियापदे आणि २० जागा आहेत. कृती झाल्या १८०. त्यांपैकी योग्य फार तर दोन-तीन. उरलेल्या पावणेदोनशे कृतींना खेळाने काय उत्तर द्यावे? ‘असे होत नाही’ हे वाक्य दहा वेळा वाचले की माणूस कंटाळतो. तेथे विनोद आला की चूक हीच बक्षीस ठरते आणि पुढची चूक करण्याचे धैर्य येते.

७/ मग कॉमिक्स थेट दाखल झाले. स्टीव्ह पर्सेल याने १९८७ मध्ये ‘सॅम अँड मॅक्स’ हे कॉमिक प्रसिद्ध केले : सूट-हॅट घातलेला कुत्रा आणि त्याचा सशासारखा उपद्व्यापी जोडीदार, दोघेही हेर. १९९३ मध्ये त्यांच्यावर खेळ निघाला. त्यात क्रियापदांच्या यादीऐवजी लहान चित्रे आली आणि पडदा कॉमिकच्या चौकटीसारखा मोकळा झाला.

८/ शतकाच्या अखेरीस या प्रकाराची लोकप्रियता ओसरली. त्याला तगवले ते दोन गोष्टींनी. २००१ मध्ये सुरू झालेल्या ‘स्कमव्हीएम’ या मुक्त प्रकल्पाने जुने खेळ नव्या यंत्रांवर चालते ठेवले. पुढे स्पर्शपडदा आला. माऊसने जे टिचकीने होई, ते बोटाने अधिक सहज होऊ लागले. २००९ मध्ये ‘मंकी आयलंड’ आयफोनवर पोहोचला.

९/ मराठी वाचकाला हा हेर परका नाही. बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळा पहाड घरोघरी पोहोचले. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश फेणे तर ‘टॉक्’ करीत गोत्यात सापडतो आणि हसतखेळत सुटतो. धडपड, चूक, हशा आणि उकल ही साखळी आपल्याकडे कागदावर होतीच.

१०/ आता नागपूर. सक्करदऱ्याचे नाव ज्या भोसले घराण्याशी जोडलेले आहे, त्याच घराण्यातील आप्पासाहेबांना सीताबर्डीच्या लढाईनंतर, १८१८ मध्ये, इंग्रजांनी कैद करून प्रयागच्या दिशेने रवाना केले. मे महिन्यात जबलपूरजवळच्या मुक्कामावरून ते शिपायाच्या वेषात निसटले. अंथरुणात राजाच्या जागी उशी होती आणि सेवक तिचे अंग चेपीत बसले होते, असा वृत्तांत इंग्रज इतिहासलेखनात येतो. डोकावून पाहणाऱ्या अधिकाऱ्याला राजा निजलेला दिसला. ‘उशी’, ‘अंथरूण’, ‘गणवेश’ : साहसखेळातले कोडे याहून वेगळे काय असते?

११/ पण एक भेद आहे. खेळातल्या कोड्याचे उत्तर रचनाकाराने आधीच ठरवलेले असते. आप्पासाहेबांच्या सुटकेचे तसे नाही. उशीची कथा आपल्यापर्यंत येते ती ज्यांचा कैदी निसटला त्यांच्याच लेखणीतून. पहारेकरी का फितले, योजना कोणाची, सेवकांचे पुढे काय झाले, हे प्रश्न ज्यांच्या बाजूने विचारायचे, त्यांचा आवाज त्या कागदांत क्षीण आहे. आप्पासाहेब स्वतः १८४० मध्ये जोधपूरला निवर्तले. पुन्हा नागपूरच्या गादीवर आले नाहीत.

१२/ म्हणून खेळाकडून घ्यायचे ते धैर्य : चुकीची किल्ली लावून पाहण्याचे आणि स्वतःच्या फसलेल्या तर्कावर हसण्याचे. खेळाकडून घ्यायची नाही ती खात्री : प्रत्येक कुलपाला किल्ली असतेच, ही. तुमच्या गावात असे कोणते न उघडलेले कुलूप आहे? खाली लिहा. आणि लिहिताना ती हकीकत प्रथम कोणी सांगितली, तेही अवश्य नोंदवा.