जुन्नरचे यवन आणि कल्याणचा बिशप

१/ जुन्नरच्या लेण्यांत तीन दात्यांच्या नावांआधी ‘यवन’ असे कोरलेले आहे. यवन म्हणजे पाश्चात्त्य, आणि पाश्चात्त्य म्हणजे ख्रिस्ती, असे समीकरण मांडता येईल का? शिलालेख काय सांगतात ते पाहू. #थ्रेड

२/ इरिलाने पाण्याच्या दोन पोढ्या दिल्या, चिटाने संघासाठी भोजनमंडप दिला. चंदाचा लेख मानमोडी डोंगरातील भूतलिंग गटाच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर आहे. भाषा प्राकृत, लिपी ब्राह्मी; काळ इसवी सनाचे पहिले-दुसरे शतक.

३/ दानासाठीचा शब्द आहे ‘देयधम’. हे यवन प्रचारक नव्हते. बौद्ध संघाचे आश्रयदाते होते. कार्ल्याच्या चैत्यगृहात स्तंभ देणाऱ्या धेनुकाकटाच्या यवनांची तर ‘सिहधय’, ‘धम्म’ अशी नावेही इथलीच आहेत.

४/ इरिल आणि चिट स्वतःला ‘गत’ म्हणवतात. यावरून स्टेन कोनो यांनी ते गॉथ असावेत असा तर्क केला. आधार मुख्यतः ध्वनिसाम्याचा, म्हणून दुबळा. शिवाय गॉथांमध्ये ख्रिस्ती धर्म रुजवणारा, बायबल गॉथिक भाषेत आणणारा बिशप उल्फिला चौथ्या शतकातला. म्हणजे तर्क मान्य केला तरी हे दाते ख्रिस्ती ठरत नाहीत.

५/ मग ख्रिस्ती धर्म या वाटेवर आला कधी? जुन्नरहून नाणेघाट उतरला की कल्याणची वाट लागते. ‘पेरिप्लस’मध्ये या बंदराचा उल्लेख आहे.

६/ इ.स. ५५०च्या सुमारास अलेक्झांड्रियाचा कॉस्मस लिहितो की ‘कल्लियाना’ येथे पर्शियातून नेमलेला बिशप असतो. अनेक अभ्यासक हे ठिकाण आपले कल्याणच मानतात. म्हणजे हा धर्म रोमहून नव्हे, तर पर्शियन आखातातून, सिरियाक भाषेत प्रार्थना करणाऱ्या चर्चमार्फत आला.

७/ एकाच व्यापारी मार्गाची ही दोन टोके. घाटमाथ्यावर परदेशी माणसाने इथला धर्म स्वीकारला. घाटाखाली, काही शतकांनंतर, परदेशी धर्माने इथे घर केले.

८/ जुन्नरच्या यवनांना ख्रिस्ती ठरवले, तर त्यांनी स्वतः दगडात कोरून ठेवलेली निवड आपण पुसतो. आणि महाराष्ट्रातील ख्रिस्ती धर्म पोर्तुगिजांपासूनच सुरू झाला असे म्हटले, तर त्यांच्याआधी सुमारे साडेनऊशे वर्षे असलेला कल्याणचा बिशप पुसतो. इतिहासात दोघांनाही जागा आहे, आपापल्या शतकात.