आईची दोन गावं

आईचं माहेर वाळवा तालुक्यातलं, कृष्णेच्या काठचं. सासर आटपाडीच्या बाजूचं, माणदेशातलं. आज दोन्ही गावं एकाच सांगली जिल्ह्यात आहेत. अंतर म्हणाल तर एस्टीनं दिवसभराचंही नाही. पण लग्न होऊन आलेल्या आईला वाटलं, आपण मुलूखच बदलला.

पहिल्याच दिवशी तिनं तांब्याभर पाण्यानं पाय धुतले. आजी उंबऱ्यात उभी होती. म्हणाली, "सूनबाई, पानी हितं तुपावानी वापराय लागतंय." माहेरी नदीत डुंबलेल्या पोरीला त्या एका वाक्यात माणदेश कळला.

हा फरक डोंगरानं केलेला आहे. महाबळेश्वरला वर्षाला 200 इंचांच्या वर पाऊस कोसळतो. ढग सह्याद्रीवरच रिते होतात, नि पूर्वेकडं येतात ते नुसतं आभाळ झाकायला. माण, आटपाडी, जत या पट्ट्यात 20 इंच पडला तरी लोक बरं वर्ष म्हणतात. त्यात महादेवाचे डोंगर आडवे. त्यांच्यामुळं आमच्या माणगंगेचं पाणी कृष्णेला न मिळता भीमेला जातं. काठावर काळी, खोल जमीन, ऊस नि हळद. आमच्याकडं मुरमाड माळ, बाजरी, हुलगा आणि मेंढरं. मामाच्या घरी पाहुण्याला चहाबरोबर गुळाचा खडा मिळायचा. आमच्या घरी हुलग्याचं माडगं.

पण दोन्ही मुलखांना एकमेकांवाचून चालत नव्हतं. दिवाळीच्या सुमाराला आमच्याकडचे धनगर मेंढरं घेऊन पश्चिमेला निघत. काठावरच्या रानात कळप बसवायचा, लेंडीचं खत द्यायचं नि धान्य घ्यायचं. आमचा खिलार बैल खरसुंडीच्या जत्रेत विकला जायचा नि काठाची काळी माती नांगरायचा. ज्यांच्याकडं मेंढरं नव्हती ते आणखी लांब गेले. विटा-आटपाडीकडची माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात शिरली नि देशभरच्या पेठांत गलाईवाले म्हणून बसली. जिथं खनिज सोन्याचा कणही नाही, तिथल्या माणसांच्या हाताला हा धंदा लागला, तो दुष्काळानं बाहेर ढकलल्यामुळं.

डोंगरानं एक वाटणी केली, दुसरी राजांनी. इंग्रजांचा सातारा जिल्हा होता, पण मधेमधे संस्थानांची ठिगळं : सांगली, मिरज, जत, फलटण, औंध. औंध तर 72 गावांचं, तेही तुकड्यातुकड्यांनी विखुरलेलं. आटपाडी औंधची नि तिकडं कृष्णाकाठाजवळचं कुंडलही औंधचंच. राजे भवानराव पंतप्रतिनिधी. त्यांनी 1939 साली प्रजेच्या हाती कारभार देणारी घटना दिली. त्याच काळात आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला कैद्यांची खुली वसाहत उभी राहिली. भिंत नाही, कुलूप नाही. कैदी शेती करायचे.

या ठिगळांचा उपयोग 1942 नंतर झाला. क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार काठावरच्या गावांत उभं राहिलं. ते गावचे तंटे सोडवायचं, गावगुंडांना वचक बसवायचं, कमी खर्चात लग्नं लावायचं. इंग्रजांचे पोलीस मागं लागले की कार्यकर्ते संस्थानी हद्दीत जायचे. जी. डी. बापू लाडांचं कुंडल म्हणूनच चळवळीचं ठाणं झालं. आईचे वडील अशा माणसांना रात्री उसाच्या फडात भाकरी पोचवत. ती भाकरी थापल्याचं आई अभिमानानं सांगायची. माझ्या आजीकडं असली गोष्ट नव्हती. तिच्याकडं होत्या त्या दुष्काळाच्या नि मेंढरांच्या. वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांचा 'फकिरा' आणि माडगूळच्या व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' पुढं वाचली, तेव्हा मला आई नि आजी शेजारी बसल्यासारख्या वाटल्या. एकीचा मुलूख लढलेला, दुसरीचा सोसलेला.

1972 साली मी दहा वर्षांचा होतो. विहीर आटली. आई नि आजी दोघीही रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायच्या. एके दिवशी मामा जोंधळ्याचं पोतं घेऊन आला. आईच्या हातांचे फोड बघून म्हणाला, "आक्का, पोरं घे नि चल. पाऊस पडला की ये माघारी."

आईनं पोतं आत ठेवून घेतलं. मग म्हणाली, "समदं गाव खडी फोडतंय. मी तेवढी ऊस खायला येऊ व्हय?"

मामा रात्रीला राहिला नाही. आम्हाला एक घागर जास्त लागली असती, हे त्याला कळत होतं. आजी त्या दिवसापासून आईला 'काठावरची' म्हणायची बंद झाली.

पुढं काठावरचीच माणसं पाण्यासाठी आमच्याकडं आली. प्रतिसरकारात लढलेले वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी 1993 पासून आटपाडीला पाणी परिषदा भरवू लागले. मामाला तेव्हा मी पहिल्यांदा आमच्या मातीत मुक्कामाला राहिलेला बघितला; परिषदेसाठी आला होता. पुष्कळ वर्षांनी कऱ्हाडजवळच्या टेंभूला उचललेलं कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं डोंगर चढून आलं. निसर्गानं घातलेला बांध माणसांनी ओलांडला.

आता माळावर डाळिंब आहे, कुठं कुठं ऊसही. मेंढरं चरायला जागा कमी झाली. बोअरसाठी भावाभावांत भांडणं होतात, जी घागरीच्या काळात मी ऐकली नव्हती. पाणी आलं याचा आनंद मोठाच आहे. ज्यांनी खडी फोडलीय त्यांनी तो नाकारू नये. पण आजीचं ते वाक्य नातवंडांना सांगताना मला कसनुसं होतं. त्यांना ते गमतीचं वाटतं.

आईला नाही वाटत. नळ आलाय दारात, तरी हात धुतलेलं पाणी ती अजून तुळशीत ओतते.